जावईबापूंची वापरलेली लेन्स

कॅमेऱ्याची लेन्स बदलायची, एवढंच धाकट्या जावयांनी ठरवलं होतं. (माणसाने साधं काही ठरवू नये. मोठ्या गोष्टींना निदान घरचे वेळेवर 'नाही' तरी म्हणतात.)

कॅमेरा मिररलेस, कोटाच्या खिशात मावेल एवढा. पण त्याच्यासोबत आलेली लेन्स म्हणजे उन्हात राजा आणि घरात भिकारी. घरातल्या मागच्या समारंभात तिने सगळे नातेवाईक असे टिपले होते की भुतांची वार्षिक सभा वाटावी. आता सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस तोंडावर आला होता. सगळ्या कुटुंबाचा एक फोटो काढून, मोठा करून दिवाणखान्यात लावायचं ठरलं होतं. त्यावर थोरले जावई, म्हणजे यांचे साडू, मोबाइल शर्टाला पुसत म्हणाले होते, "हल्ली कॅमेरा लागतो कशाला?" तेव्हापासून आपल्या जावयांना झोप नव्हती. भिंतीवर साडूचा फोटो लागला, तर सासरी आपली किंमत पायपुसण्याएवढी राहणार. (ती आत्ताही तेवढीच होती, पण अजून कुणी फ्रेम करून लावली नव्हती.)

घरात बोलायची सोय नव्हती. लेन्सचं नाव काढलं की बायको विचारायची, "आहे तिला काय धाड भरलीय?" म्हणून त्यांनी गॅलरीत जाऊन दुकानदाराला फोन लावला. आत चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना अर्थात एकच बाजू ऐकू आली.

"दिवसा ठीक हो. पण संध्याकाळी घरात सगळं धूसर. माणसं ओळखू येत नाहीत."

सासूबाईंची घडी थांबली.

"पस्तीसची बसवू की पन्नासची? बरं, पस्तीसची. पण नवी झेपायची नाही. कुणाची वापरलेली असेल तर बघा… असं? कधी गेले ते? मग त्यांच्या बायकोनेच काढून दिली म्हणता? उत्तम."

सासूबाईंनी उशीचा अभ्रा छातीशी धरला.

"बुरशी नाही ना धरलेली? आणि बसवायला तिकडे कशाला येऊ? घरीच बसवतो की. जुनी पिरगाळून काढायची, नवी लावून फिरवायची, कट् वाजलं की झालं. हो, बायकोला बोलू नका."

सासूबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, काहीतरीच काय. घरी कुणी डोळ्यात लेन्स बसवतं का?"

"माझ्या कानांनी ऐकलंय. कट् वाजतं म्हणे. आणि तीही गेलेल्या माणसाची."

"मग विचारते त्यांना."

"मुळीच नाही. पुरुषांना डोळे गेल्याचं सांगायची लाज वाटते. तुझ्या बाबांनी वर्षभर पेपर उलटा धरून वाचला, पण कबूल केलं नाही."

पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर आलं. संध्याकाळी जावई ते पोटाशी दाबून घरात शिरले आणि थेट बाथरूममध्ये गेले. बाहेर मायलेकी एकमेकींचे हात धरून उभ्या. आतून आवाज आला, कट्.

जावई हसत बाहेर आले. बायकोने मऊ आवाजात विचारलं, "बसली का नीट?"

हिला कळलं तर. आणि ही चिडलेली नाही. जावयांना भरून आलं. "अगदी घट्ट. तू रागावली नाहीस?"

"रागावू कशाला? तुमची गरज होती ती."

लग्नानंतर असं वाक्य ते प्रथमच ऐकत होते. पुढे काही विचारून ते बिघडवण्याइतके ते मूर्ख नव्हते. (त्यांचा मूर्खपणा पुढे आहे.)

वाढदिवसाला सगळे दोन रांगांत बसले. सासूबाईंनी धाकट्या जावयांना दंड धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या नाकावर भलामोठा काळा चष्मा चढवला.

"हे कशाला?"

"बसा हो साडूभाऊ. उजेडाकडे बघू नका," म्हणत थोरल्या जावयांनी मोबाइलवर फोटो काढूनसुद्धा टाकला.

आपले जावई चष्मा फेकून उठले आणि कॅमेऱ्याची पिशवी घ्यायला वाकले.

"वाकू नका, लेन्स पडेल," बायको ओरडली.

"कशी पडेल? कट् करून बसवलीय."

"पण कुठल्या डोळ्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयांनी कॅमेरा वर धरला. मग बायकोचा चेहरा नेहमीसारखा झाला.

आता अब्रू वाचवायला एकच फोटो होता. दुकानदार म्हणाला होता, लेन्स जितकी उघडाल तितका उजेड येतो आणि मागचं सगळं विरघळतं. जावयांनी ती सताड उघडली, कॅमेऱ्याने समोरच्या टीपॉयवरची फुलदाणी पकडली, यांनी बटण दाबलं. मागचं म्हणजे अख्खं सासर, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"फुलदाणी सुरेख आलीय," सासरे म्हणाले. ते भले गृहस्थ आहेत.

दिवाणखान्यात अर्थातच साडूचा फोटो लागला. सगळे चेहरे स्वच्छ. येणारा प्रत्येक पाहुणा त्यातल्या एका आकृतीवर बोट ठेवतो, "हे काळ्या चष्म्यातले कोण?"

सासूबाई आवाज खाली आणून सांगतात, "आमचे धाकटे जावई. फोटो काढायची फार आवड होती त्यांना."