दोन फुटांची पट्टी

मेश्राम मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की आधी माणसाकडे पाहत नाही, जमिनीकडे पाहतो. मग खिशातून एक बोल्ट काढतो, अंगठ्याएवढा जाड, उकिडवा बसतो आणि फरशी ठोकायला लागतो. टन, टन, टन. घरमालक पाण्याचा गिलास घेऊन उभा, आणि याचा कान जमिनीला. ठोकता ठोकता आवाज बदलला, टनच्या जागी भद झालं, की मान वर करतो आणि डॉक्टरनं रोग सांगावा तसं सांगतो, "इथं पोकळ हाय."

त्याच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही दुर्गला गेलो होतो. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा मिस्त्री दिवाणाखाली होता. फक्त पाय बाहेर. मुलीच्या बापानं मला हळूच विचारलं, "इनका कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, "हां, अकल." तेवढ्यात दिवाणाखालून आवाज आला, "शेंडेभाऊ, ह्या कोन्यात पोकळ हाय." तरी लग्न जमलं. पण लग्नाच्या दोन दिवस आधी मिस्त्री सिमेंटची पिशवी घेऊन दुर्गला गेला आणि तो कोपरा भरून आला. "सुनेचं माहेर पक्कं पाह्यजे," म्हणे.

मी शेंडे. कारखान्यात खलाशी होतो, म्हणजे दोर, साखळ्या बांधून वजन उचलणारा. शाळा चौथीपर्यंत, तीही गोंदियाकडच्या गावात. पण मी जे बोलतो ते पक्कं बोलतो आणि एकदा नाही म्हटलं की ते नाहीच असतं, हे आमच्या वस्तीत, कैंप-1 मध्ये, कोणालाही विचारा. माझं आणि मिस्त्रीचं घर लागून आहे. मधात भिंत नाही. जमिनीत विटांची एक ओळ गाडली आहे, तिच्या इकडे माझं आंगण, तिकडे त्याचं.

मिस्त्री कारखान्यात भट्टीचा मिस्त्री होता. वितळलेलं लोखंड ज्या बालटीत ओततात, माणूस उभा बुडेल एवढ्या बालटीत, तिच्या आतून विटा लावायचं काम. विटा लावायच्या, त्यात आग ओतायची, विटा जळाल्या की पुन्हा लावायच्या. सारी नोकरी याच्यात गेली. एकदा मला म्हणाला, "भाऊ, तू चढवलेली गाटर तरी लोकाईले दिसते. मी जे बांधलं ते फकस्त आगीनं पाह्यलं."

रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष तो नुसता बसला. दुसऱ्या वर्षी त्यानं घराभोवतीच्या जुन्या काँक्रिटला हात घातला.

मला वाटलं, तोडणार. तर नाही. "जुनं पक्कं असन तं तोडाचं नाही. त्याच्यावरच चढवाचं. पाव इंच. पाव इंचाच्या वर देवानं सांगितलं तरी नाही." लोखंडी ब्रश घेऊन जुनं काँक्रिट घासायचा, धुवायचा, रात्रभर पाणी पाजायचा. मग पावर हाउसच्या बाजारातल्या दुकानातून आणलेलं दुधासारखं केमिकल सिमेंटात कालवून त्याचा हात मारायचा, आणि तो ओला असतानाच वरून बारीक थर. थर थोडा आवळला की त्यावर ठसा उठवायचा. आणि ठसे तरी कशाचे! ओसरीवर पोत्याचा ठसा. पायरीच्या काठाला नारळी दोराचा. न्हाणीच्या वाटेवर कंगव्यानं ओढलेल्या रेघा. नालीच्या कडेनं शिवनाथ नदीतले गोल गोटे बसवले. दोन हात जागा एकसारखी नाही. लोक घराला एक डिझाइन करतात, ह्यानं घराचं नमुन्याचं पुस्तक केलं.

रंगांची गोष्ट तर सांगूच नका. दुकानदारानं विचारलं, कोणता देऊ? मी तिथंच होतो. मिस्त्री म्हणाला, "उन्हात तापत नाही असा दे. बाकी कोनता बी." दुकानदाराजवळ जे खपत नव्हतं ते सारं ह्याच्या आंगणात आलं. फिक्का गुलाबी, त्याच्या बाजूला फिक्का पोपटी, मग हळदीच्या पाण्यासारखा पिवळा. दुरून पाहिलं तर मिठाईच्या दुकानातला बर्फीचा ट्रे.

आणि फाटकातच चप्पल काढायची. घराच्या दारात नाही, फाटकात! पोस्टमन असो की पाहुणा. गॅसवाला मे महिन्यात खांद्यावर सिलेंडर घेऊन अनवाणी आला आणि नाचत नाचत गेला. तेव्हा तिथं लाल रंग होता. मी हसून हसून खाटेवर पडलो. मिस्त्री हसला नाही. चार दिवसांनी त्यानं लाल झाकला. तापत नाही असा रंग मागायचं त्याचं तेव्हापासून सुरू झालं.

कोणी म्हणालं, मिस्त्री, रंग काही जमला नाही, की तो हात झटकायचा. "रंग सोड. पायाले कसं लागते ते सांग."

मला तर रोज विचारायचा. नवा तुकडा झाला की, "शेंडेभाऊ, ये. चप्पल काढ. पायाले कसं लागते?"

मी एक पाय ठेवायचो आणि सांगायचो, "सिमेंटसारखं."

मग एक दिवस तो विटांच्या ओळीजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, दोन फूट दे."

"कायचे दोन फूट?"

"ह्या विटांपासून तुझ्या सैपाकघराच्या दारापर्यंत. दोन फुटांची पट्टी. माझं सिमेंट, माझी मेहनत."

"माझ्या आंगनाले पावडर-लाली लावाची नाही," मी म्हटलं.

माझं आंगण मी स्वतः टाकलं आहे. सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं, घोटून घोटून आरशासारखं केलं. इतकी वर्षं झाली, एक भेग नाही. हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं आहे, काहींना दोनदा. तिथं हा पोती आणि कंगवे घेऊन येणार?

"बरं, ठोकून तं पाहू दे," तो म्हणाला आणि बोल्ट काढला.

"ठोकाचं नाही!" मी ओरडलो.

आता इथं एक गोष्ट सांगतो, जी गल्लीत कोणाला सांगितली नाही. नळापासून थोडं पुढं, आंगणाच्या मधोमध, माझं आंगण पोकळ आहे. घागर ठेवली की आवाज वेगळा येतो. वरून काही दिसत नाही. पण मिस्त्रीचा बोल्ट तिथं पडला असता तर संध्याकाळपर्यंत साऱ्या कैंपाला कळलं असतं, असं मला वाटायचं. म्हणून नाही ते नाही.

त्यानं सोडलं नाही. पोळ्याला मागितली, दिवाळीला मागितली. मी आजारी पडलो तर पेपई घेऊन भेटायला आला आणि जाताना म्हणाला, "मंग ते दोन फूट?" आमची बुडी, म्हणजे माझी बायको, तीही त्याच्याच बाजूनं. "देऊन टाका न दोन फूट. कावून अडून बसले?" मी म्हटलं, "तुले काय समजते सिमेंटातलं?" तिनं भांडी जरा जोरात आपटली.

मिस्त्रीची बायको सुशीलाबाई आणि आमची बुडी म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या. सुशीलाबाई दिवसातून तीन चकरा मारायची. हाक न मारता सरळ आमच्या सैपाकघरात घुसायची, गंजाचं, म्हणजे भाजीच्या पातेल्याचं, झाकण उघडून पाहायची आणि सांगायची, "बाई, मीठ कमी हाय." पण त्या वर्षी तिचं येणं बंद झालं होतं. आमची बुडीच तिकडे जायची. मी समजलो, पट्टी दिली नाही म्हणून बाई रागावली. मी म्हटलं, रागावू दे. रागाला मी भीत नाही.

एक दिवस सकाळी मी आंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होतो. सुशीलाबाई घरातून निघाली. हातात वाटी, वाटीवर झाकणी. अनवाणी. पोत्याच्या ठशावरून झपझप आली, दोर लागला तशी पायरी उतरली, गोट्यांपासून बरोबर एक हात दूर वळली. मला वाटलं, आज राग गेला वाटते. विटांच्या ओळीशी आली आणि थांबली.

तिनं उजवा पाय पुढं केला. माझ्या आंगणावर ठेवला. थोडा सरकवला, इकडे, मग तिकडे. माझं आंगण सगळीकडे सारखं गुळगुळीत. तिनं पाय मागे घेतला.

मी तिच्यापासून दहा हातांवर बसलो होतो, सरळ समोर. तिनं माझ्याकडेच तोंड करून विचारलं, "कोन हाय तिथं? बाई हाय का?"

 माझ्या हातात शेंग तशीच.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग वळली आणि पायानं चाचपत, दोर, पोतं, करत घरात निघून गेली. वाटी घेऊन.

मी आत गेलो. बुडी पोळ्या लाटत होती. मी काही विचारायच्या आधीच माझं तोंड पाहून तिनं लाटणं ठेवलं.

"शुगर हाय तिले," ती म्हणाली. "डावा डोळा तं गेलाच. उजव्यात सावली दिसते, तेबी जाईन म्हनते डाक्टर. दोन साल झाले."

"मले कावून नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली होती. आन तुमाले सांगितलं असतं तं तुमी गल्लीभर बोंबलत फिरले असते."

हे खरं आहे.

"तू तिचा हात धरून आनत जा न इथं," मी म्हटलं.

"आनलं होतं एक डाव. परत आली नाही. म्हने, हात धरून आनलं तं मी पावनी झाली. मले तुया घरी पावनी नाही व्हाचं."

मग माझ्या डोक्यात एकेक वीट बसायला लागली. पोतं म्हणजे ओसरी. दोर म्हणजे पायरीचा काठ. कंगव्याच्या रेघा न्हाणीकडे नेतात. गोटे म्हणजे थांब, पुढं नाली. मिस्त्रीनं सारं घर बायकोच्या तळव्यासाठी लिहून काढलं होतं, आणि थोडं दिसते आहे तोवर तिच्याकडून ते पाठ करून घेत होता. सारं झालं होतं. आमच्या सैपाकघराचा रस्ता तेवढा राहिला होता. तो माझ्याजवळ अडला होता.

माफी मागायची मला सवय नाही. मी विटांच्या ओळीशी गेलो आणि हाक मारली, "ओ मिस्त्री! ते दोन फूट कधी टाकशीन?"

तो बाहेर आला. माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते विचारलं नाही. म्हणाला, "आधी ठोकून पाहा लागन, भाऊ."

"ठोक," मी म्हटलं.

तोपर्यंत आमची बुडी बाहेर आली, सुशीलाबाई ओसरीत येऊन बसली, आणि गॅसवाल्याला तर त्याच दिवशी यायचं होतं. मिस्त्री उकिडवा बसला. टन. टन. टन. माझी छाती थोडी फुगली. टन. टन. नळाजवळ आला. टन. टन. भद.

त्याचा हात थांबला. पुन्हा एकदा, अगदी हळू. भद.

मिस्त्रीनं मान वर केली. मी तोंड दुसरीकडे केलं. तीस लोकांच्या घरी ज्यानं तोंडावर 'पोकळ हाय' म्हणून सांगितलं, ज्यानं दिवाणाखालून सांगितलं, तो माणूस उठला, गुडघे झटकले आणि गॅसवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "एक नंबर काम हाय, भाऊ. सारं पक्कं."

दुसऱ्या दिवशी त्यानं खडूनं रेषा ओढली. विटांच्या ओळीपासून निघाली, नळाजवळ आली, तिथून गोल वळून त्या जागेला हात न लावता पुढं गेली आणि आमच्या सैपाकघराच्या दाराशी टेकली.

"ठसा कायचा?" मी विचारलं.

"ते तुझ्या घरचं पाह्यजे. पायाले समजलं पाह्यजे का बाईचं घर आलं."

आमची बुडी आत गेली आणि तिचं जुनं सूप घेऊन आली, बांबूचं, ज्याच्यावर ह्या दोघींनी मिळून तांदूळ पाखडले, निवडले आणि अर्ध्या गल्लीची निंदा केली. मिस्त्रीनं ओल्या थरावर प्लास्टिकची पातळ पन्नी टाकली, वर सूप ठेवलं आणि तळहातानं दाबत गेला. आठ दिवस ओली पोती टाकून ठेवली. त्या आठ दिवसांत कोंबडी जरी तिकडे वळली तरी मी काठी घेऊन उठायचो.

नवव्या दिवशी सुशीलाबाई निघाली. हातात वाटी. मिस्त्री नळाशी बसून थापी धूत होता, जी आधीच धुतलेली होती. तिला हाक मारायची नाही, रस्ता सांगायचा नाही, असा तिचा हुकूम होता. विटांची ओळ आली. पाय पुढं गेला. सुपाची वीण लागली तशी तिच्या तोंडावर काहीतरी हललं. चालत राहिली. वळणावर पाय पट्टीबाहेर पडला. थांबली. मिस्त्रीच्या हातातली थापीही थांबली. तिनं पाय मागे घेतला, चाचपला, वीण सापडली, वळली. आणि सैपाकघरात घुसली. आतून गंजाचं झाकण वाजलं.

"बाई, आजबी मीठ कमीच हाय."

मिस्त्रीनं नळ पुरा उघडला आणि तोंड धुवायला लागला. बराच वेळ धूत होता.

पुढच्या महिन्यात गॅसवाला आला. पट्टी पाहून म्हणाला, "अंकल, ये सीधा बना देते. बीच में टेढ़ा क्यों किया?"

मी शेंगा सोलत होतो. मान खाली घातली.

"सीधा अच्छा नहीं दिखता," मिस्त्री म्हणाला. "डिझाइन है."

दिसण्याची गोष्ट त्या माणसाच्या तोंडून मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकली. गॅसवाला गेला. मिस्त्री बोल्ट खिशात घालून आत जायला निघाला. मी चप्पल काढली आणि त्या वळणावरून सैपाकघरापर्यंत जाऊन आलो.

त्यानं पाहिलं. पायाला कसं लागलं ते मात्र विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.