उजवीकडची जागा

अकोल्यात हमीद सरांच्या भिंतीवर एक फोटो आहे. तो मी बिघडवला. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. पण आधी सर कसे होते ते सांगायला हवं, त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

सर खिशात काडेपेटीचं रिकामं कव्हर घेऊन हिंडत. त्यांच्या डिजिटल फोटोग्राफीच्या क्लासला मी हिवरखेडहून एसटीनं यायचो. पहिले पंधरा दिवस कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. ते कव्हर डोळ्याला लावून जग बघायचं. एकदा सर बाजारात तसेच उभे राहून संत्र्यांचा ढीग न्याहाळत होते. बागवानानं माचीस पुढे केली, "चाचा, काड्या संपल्या काय?" सर कव्हर न हलवता म्हणाले, "तू जरा डावीकडं सरक न बाप्पा."

"माणूस जिकडं पाहून राहिला, तिकडं जागा सोड. नजरेले चालाले जागा पायजे," हे त्यांचं पालुपद. लग्नातसुद्धा नवरदेव कडेला आणि बाकी मोकळा मांडव. गिऱ्हाइकं भांडत. त्या वर्षांत कापूस हातचा जात होता, लग्नाचे अल्बम पातळ होत चालले होते, आणि त्यातही सर मोकळी जागा छापून देत. म्हणून तर क्लास काढावा लागला.

कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःसाठी काढलेला असा एकच फोटो होता. वरूडच्या बागेत, अगदी डाव्या कडेला, सरांच्या बायको, आमच्या चाची, बाजेवर बसलेल्या. बाकी सगळं ऊन, धूळ आणि बागेत येणारा रस्ता. चाची त्या रस्त्याकडे बघताहेत. फोटो काढला त्याच वर्षी त्या वारल्या. सर रोज दुपारी तो फोटो उघडत आणि चहा निवेपर्यंत बघत बसत.

एका दुपारी सर नमाजाला गेले होते. मी फोटो कापायला शिकत होतो. मला वाटलं, चाची फारच कोपऱ्यात गेल्यात. रिकामी जागा कापली, चेहरा मधोमध आणला आणि त्याच नावानं सेव्ह केला. दुसरी प्रत नव्हती.

सर आले. बराच वेळ बघत राहिले.

"रस्ता कुठं गेला रे?"

"रस्ता नव्हताच, सर. पयलेपासून असाच हाये."

त्यांनी चष्मा पुसला. "मंग थे कोणाकडं पाहून राहिली?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्या दिवशी मी मागच्या बाजूनं आलो होतो. तिले वाटलं, माही स्कूटर रस्त्यानंच येईन."



आता अमरावतीत माझा स्टुडिओ आहे. परवा सरांकडे गेलो होतो. थकलेत. तो कापलेला फोटो त्यांनी भिंतीच्या पार डाव्या टोकाला टांगलाय. उजवीकडे सगळी भिंत मोकळी. कॅलेंडरसाठीही खिळा ठोकू देत नाहीत. उतरतं ऊन त्या भिंतीवरून हळूहळू सरकत होतं, आणि चाची त्याच्याकडे बघत होत्या.

"मले आता काहीबाही आठवते," सर म्हणाले. "रस्ता नसनच तिथं."

मी चहा संपवून उठलो.

रस्ता होता आणि तो मी कापला, एवढं मला सरांना अजून सांगायचं आहे.