आमच्या लग्नाचा सिनेमा पास

मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नागापूरच्या एमआयडीसीत बावीस वर्षं स्टोअर क्लार्क म्हणून काढली, की दुसऱ्याचा तक्ता दिसला तरी हात शिवशिवतो.

आमची ईरा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सिनेमे तपासून तक्ता भरत होती. सिनेमात दोन बायका हव्यात, दोघींना नावं हवीत, आणि त्या एकमेकींशी पुरुष सोडून दुसरं काहीतरी बोलायला हव्यात. एवढ्यावर सिनेमा पास. तेरापैकी अकरा नापास झाले होते.

"एका वाक्याच्या पात्राला नाव कशाला लागतं?" मी स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "त्यापेक्षा आमच्या लग्नाचा व्हिडिओ लाव. बेलापूरच्या मांडवात दीडशे बायका होत्या. पाच मिनिटांत पास."

(कुणी विचारलं नव्हतं. मीच बोललो.)

रविवारी सकाळी पेनड्राइव्ह लावला. बायको मागे मेथी निवडत बसली. सुरुवातीलाच मी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितोय, नीलांबरी. नाव मीच शोधलेलं. अक्षर अजून बघण्यासारखं आहे.

मग बायका बोलू लागल्या. "जावईबापूंना जिलबी वाढली का?" नापास. "सासरा जरा तापट दिसतो." नापास. चाळीस मिनिटं सगळ्या माझ्यावर नाहीतर माझ्या वडिलांवर बोलत होत्या. एरवी बरं वाटलं असतं, पण आता मला घाम फुटला.

शेवटी पंगत आली. कॅमेरा माझ्या जिलबीवर (फोटोग्राफरला माझा जबडा फार आवडलेला दिसतो), आणि मागून दोन मुलींचे नुसते आवाज.

"सविता, एमेच्या दुसऱ्या वर्षाचं काय गं?"

"फॉर्म भरलाय, राजेश्वरी. जूनमध्ये पेपर."

"पास," मी मांडीवर थाप मारली. "लिही, ईरा. पण ही सविता कोण?"

ईरानं पेन खाली ठेवलं. मेथी निवडायचा आवाज थांबला.

"होती एक," बायको म्हणाली. "त्या दिवसानंतर काही भेटली नाही."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. लग्नपत्रिकेची प्रुफं मीच तपासली होती, 'चि. सौ. कां. सविता' यातली वेलांटीसुद्धा. लाज वाटली, खरंच वाटली. पण लाज वाटली म्हणून गप्प बसेन तर तो मी कसला.

"मग दिलीस का परीक्षा?" मी विचारलं.

"जूनमध्ये तुमच्या बहिणीचं बाळंतपण होतं. पेपर काय, पुढच्या वर्षी देता येतात, असं तुम्हीच म्हणालात."

त्याला चोवीस वर्षं झाली. मला तो जून आठवेना. भाचा कुठल्या वारी झाला ते मात्र आठवलं.

"बसा तुम्ही, मी चहा करतो," म्हणत मी आत पळालो.

आतून ऐकू येत होतं.

"आई, बाहेरून देता येतं एमे. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल फक्त."

"जुनी मार्कशीट आहे. साड्यांखाली ठेवलीय."

"फॉर्मवर नाव कुठलं टाकायचं?"

"सविता."

दोघी बायका, दोघींना नावं, आणि विषय मी नव्हतो. नियमात चोख बसत होतं. मी डबे उघडत उभा होतो. पहिल्यात रवा, दुसऱ्यात मीठ.

"साखर कुठंय?" मी ओरडलो.

बाहेर तक्त्याचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बाबांना घेऊ का तक्त्यात?" ईरानं विचारलं.

"नको," सविता म्हणाली. "एका वाक्याच्या पात्राला नाव कशाला लागतं?"