दरबारातल्या समुद्राचे तीन दगड

एका जंगलात, मुलांनो, समुद्र सोडून सगळं काही होतं. समुद्र पश्चिमेला अर्ध्या कोसावर होता आणि तिथे तो बरा होता. पण तिथला राजा, उग्रकेसर नावाचा सिंह, याला तो दरबारात हवा होता. कारण शेजारच्या जंगलातल्या वाघाने आपल्या गुहेत धबधबा करून घेतला होता.

बुडालेल्या एका जहाजाच्या जाड काचा किनाऱ्याला लागल्या होत्या. हत्तीने त्या आणल्या, राळ लावून सांधल्या आणि मोठी पेटी केली. रोज सकाळी तो सोंडेतून खारं पाणी आणून तिच्यात ओतू लागला.

आता आत दगड रचायचे होते. मासे उघड्यावर घाबरतात, त्यांना लपायला कपारी लागतात. त्यासाठी खाडीवरून धाकूबाईला बोलावलं. धाकूबाई म्हणजे पाणमांजर. भरतीत कुठला दगड हलतो आणि कुठला नाही, हे तिला पाय ठेवल्याबरोबर कळायचं. मासे ती खायची, पण कामावर असताना नाही.

तिने आधी दगड तळाच्या उघड्या काचेवर मांडले आणि मग भोवती वाळू पसरली.

"वाळूवर ठेवले असते तर लवकर झालं असतं," कंटकराव म्हणाले. हे साळिंदर राजाचे प्रधान होते.

"वाळू मासे उकरतात," धाकूबाई म्हणाली. "दगड तळाला टेकला की त्याच्याखालून काढायला काही उरत नाही."

प्रत्येक दगड तिने तीन ठिकाणी टेकवला. जिथे टेकू लहान होता तिथे भोक पाडून वेताची खुंटी ठोकली, वर राळ लावली. मग खांद्याने ढकलून पाहिलं. हलला नाही. एकूण दगड सात. दोन छोटे ढीग, मध्ये एक कपार, बाकी सगळं मोकळं पाणी. जास्त दगड घातले की पाणी फिरत नाही आणि घाण साचते, हे तिला माहीत होतं.

मग अकरा मासे सोडले. त्यातला उकऱ्या बोटाएवढा होता. तो तोंडाने वाळू उचलायचा, बाजूला थुंकायचा आणि दगडाखाली घर करायचा. दिवसभर एवढंच. एका नारिंगी जोडप्याने कपारीत अंडी घातली. राजाने पाहिलं आणि म्हणाला, "छान." खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण थंडी पडली आणि परदेशातून रोहित पक्षी आले. दरवर्षी दोनशे येतात आणि खाडीत चिखल गाळून खातात. त्यातला लंबग्रीव या वर्षी चुकून दरबारात आला, म्हणून तो तज्ज्ञ ठरला.

एका पायावर उभा राहून त्याने पेटीकडे बराच वेळ पाहिलं.

"गर्दी आहे," तो म्हणाला.

"सातच दगड आहेत," धाकूबाई म्हणाली.

"सात म्हणजे बाजार झाला. आमच्याकडे आता तीन असतात. एक उभा, एक त्याच्यावर आडवा, एक लांब, एकटा. बाकी शांतता."

राजाने कंटकरावांकडे पाहिलं. कंटकरावांना काही कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी जोरात मान डोलावली.

"तीन पुरतील," धाकूबाई म्हणाली. "पण नीट बसवू द्या. आणि चार दिवस थांबा. त्या कपारीत अंडी आहेत."

"उद्घाटन परवा आहे," कंटकराव म्हणाले.

चार दगड बाहेर निघाले. नारिंगी जोडपं रिकाम्या जागेभोवती दोन दिवस फिरत राहिलं. उभा दगड लंबग्रीवाने वाळूवर ठेवायला लावला, कारण काचेवर तो 'जड दिसत' होता. धाकूबाईने त्याच्या आणि आडव्या दगडाच्या सांध्यात गुपचूप एक खुंटी घातली. ती त्याने हेरली.

"ही काढा."

"बाहेरून दिसत नाही ती."

"ती आहे हे मला माहीत आहे. दगडाने स्वतःच्या बळावर उभं राहायला हवं. आधार हा अप्रामाणिकपणा आहे."

"मग निदान ढकलून तरी बघू."

"कला ढकलून बघत नसतात, बाई."

धाकूबाईने राजाकडे पाहिलं. राजा आपली आयाळ काचेत पाहत होता. तिने स्वतःच्या हाताने खुंटी उपसून काढली. नंतर किती तरी दिवस तिला त्या हाताची लाज वाटत राहिली.

उद्घाटन थाटात झालं. लपायला जागा न उरल्यामुळे मासे एका कोपऱ्यात चिकटून बसले होते. "पाहा," लंबग्रीव म्हणाला, "मधली जागा किती मोकळी झाली." सगळ्यांनी पाहिलं. ज्यांना काही दिसलं नाही, त्यांनी जास्त वेळ पाहिलं.

थंडी सरली. लंबग्रीव मानाची शाल घेऊन उडून गेला.

उकऱ्याला मात्र घर हवं होतं. पेटीत उभा दगड एकच होता. त्याने त्याच्याखाली उकरायला सुरुवात केली. चार दिवसांत दगड बोटभर कलला. धाकूबाई कंटकरावांकडे गेली.

"अर्धा दिवस द्या. दगड तळाला टेकवून देते."

"लंबग्रीवांची कलाकृती आहे. त्यांची परवानगी लागेल."

"ते कुठे आहेत?"

"परदेशात."

"कधी येतील?"

"थंडीत. तोवर तुमचा अर्ज ठेवून जा."

पाचव्या दिवशी शेजारचा वाघ समुद्र बघायला आला. राजा त्याला शांततेबद्दल सांगत होता, तेवढ्यात उभा दगड वाळूत खचला आणि आडवा दगड सुटून काचेवर आदळला. काच तडकली. पाणी दरबारभर पसरलं. वाघ सिंहासनावर चढून बसला, कारण कोरडी जागा तेवढीच होती.

धाकूबाई चिखलात धावली. तिने एकेक मासा अलगद तोंडात धरला आणि हत्तीच्या खाऱ्या पाण्याच्या डोणीत नेऊन सोडला. दहा खेपा झाल्या. तोंडात मासा धरून तो न गिळणं पाणमांजरासाठी काय असतं, हे तुम्ही एखाद्या पाणमांजरालाच विचारा. अकराव्या खेपेला तिने उभा दगड उचलला. उकऱ्या त्याच्याखाली होता. त्याचं घर जवळजवळ पूर्ण झालं होतं.

उरलेले दहा तिने खाडीत नेऊन सोडले.

चौकशी नेमली गेली. कंटकराव तिचे अध्यक्ष होते आणि सदस्यही तेच.

"दगड कशामुळे पडला?"

"वाळूवर ठेवला म्हणून," धाकूबाई म्हणाली.

"वाळू कोणी उकरली?"

"उकऱ्याने. तो उकरणारच. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"हो."

कंटकरावांनी एक काटा शाईत बुडवून लिहायला घेतलं. अहवाल असा आला: दुर्घटनेस उकऱ्या नावाचा मासा जबाबदार आहे. तो मयत असल्याने शिक्षा बजावता येत नाही. पाणमांजर धाकूबाई यांना धोक्याची आगाऊ कल्पना होती, तरी त्यांनी दुर्घटना होऊ दिली. सबब त्यांनी यापुढे पेटीची काच विनामोबदला पुसावी.

काच बदलली. आता किती दगड ठेवावेत, हे विचारायला लंबग्रीवाकडे कबूतर पाठवलं. उत्तर आलं, "एकही नको. मासेही नकोत. तुम्ही आता तयार झाला आहात."

राजाला भरून आलं. पेटीत फक्त पाणी राहिलं. लांबलांबून जनावरं येऊन तिच्यासमोर स्तब्ध उभी राहू लागली. वाघाने म्हणे आपला धबधबा बंद करून नुसता कातळ ठेवला.

एकदा धाकूबाई काच पुसत असताना राजा मागे येऊन उभा राहिला.

"कसं वाटतं?" त्याने विचारलं.

धाकूबाईने फडकं पिळलं आणि रिकाम्या पेटीकडे पाहिलं.

"भक्कम आहे, महाराज," ती म्हणाली.

तात्पर्य: पाया कच्चा असला की बांधकाम पडतं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. ते खरं आहे, पण अपुरं. बांधकाम पडतं ते खाली राहणाऱ्यावर, आणि दोष लागतो तो ज्याला आधी कळलं होतं त्याला. म्हणून मुलांनो, खाली राहू नका आणि आधी कळून घेऊ नका. वरचा दगड कुठे ठेवायचा तेवढं सांगा, आणि तो पडायच्या आत दुसऱ्या गावी व्याख्यानाला जा.