प्रमाण लग्न, नग एक

माझ्या धाकट्या मुलाचं तिसरं लग्न झालं, त्या वर्षीची ही हकीकत. (पहिल्या दोन लग्नांबद्दल सरकारला काही म्हणायचं नव्हतं. तिसऱ्याबद्दलही नव्हतं.)

खरा किलो जवळ असल्याशिवाय खोटा किलो पकडता येत नाही. जगाचा व्यवहार या एका वाक्यावर उभा आहे. मी तेहेतीस वर्षं वजनमापे खात्यात शिपाई होतो. कपाटातला पितळी प्रमाण किलो मऊ कातड्यात धरून टेबलावर आणायचा आणि परत ठेवायचा, हे माझं काम. हात लावायचा नाही. हाताच्या घामाने खरेपणा वाढतो, आणि वाढलेला खरेपणा खात्याला चालत नाही.

माझ्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याच्या वरच्या दोन खोल्यांत ती आणि बाई चौतीस वर्षं राहत होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. शहरातल्या निम्म्या लोकांचं अक्षर त्यांनी घडवलं, आणि पन्नाशी उलटल्यावर माझंही. बाईंच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन करायचं तर बाई बेशुद्ध असताना त्यांच्या वतीने हो-नाही सांगणारं माणूस हवं, आणि त्या माणसाची सही. इस्पितळाच्या फॉर्मवर सहीखाली दोनच खण होते: 'पती/पत्नी' आणि 'रक्ताचं नातं'. बाईंना रक्ताचं कुणी उरलं नव्हतं.

"तुम्ही यांच्या कोण?" खिडकीतल्या कारकुनाने बहिणीला विचारलं.

"चौतीस वर्षं हिच्या उठण्या-झोपण्याचं मी बघते. तूच सांग मी कोण."

"मावशी, तसा खण नाही."

"मग बाईंचा भाऊ म्हणून मी करतो सही," मी म्हणालो.

"दादा," बाई बाकावरून म्हणाल्या, "आयुष्यभर खरं माप उचललंत. आता म्हातारपणी काटा मारू नका."

त्यामुळे सगळी भिस्त वरच्या न्यायालयावर होती. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करता येईल का, हा प्रश्न तिथे पडून होता. न्यायालयाने सहाशे पानं विचार केला आणि सांगितलं, की लग्न हा कुणाचाच मूळ हक्क नाही. सरकार ज्याला लग्न म्हणेल तेच लग्न. शहरात समाधान पसरलं. लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. 'कुणाचाच' म्हणताना आपणही त्यात आलो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सहाशे पानं वाचायला संसारी माणसाला वेळ कुठे असतो?

सरकारच्या मात्र लक्षात आलं.

तोवर सरकारचा ताबा पाणी, रस्ते आणि मीठ एवढ्यावरच होता. आता लग्नही आलं. सत्ता न वापरता ठेवली की तिला गंज चढतो, म्हणून सरकार ताबडतोब कामाला लागलं. सरकार ज्याला म्हणेल ते लग्न. तर मग सरकार कशाला म्हणतं? फाईल आरोग्य खात्याकडे गेली. त्यांनी 'संसर्गजन्य नाही' असा शेरा मारून ती परत केली. पाटबंधारे खात्याने फक्त पोच दिली. अग्निशमन दलाने आठ दिवस ठेवून घेतली (त्यांचा अनुभव दांडगा). शेवटी ती आमच्याकडे आली, कारण खऱ्या-खोट्याचा शिक्का आमच्याकडे होता.

पहिलं काम, प्रमाण लग्न मिळवणं. एक निवृत्त सचिव आणि त्यांच्या पत्नी निवडले गेले. अडतीस वर्षांचा संसार, एकही तक्रार नोंदलेली नाही (पत्नीला कुणी विचारलं नव्हतं). त्यांना मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, वीस अंश तापमानात ठेवलं. हात लावायला सक्त मनाई: आम्ही त्यांना, आणि त्यांनी एकमेकांना. हे दुसरं त्यांना जड गेलं नाही. नवव्या दिवशी दोघांचं पंख्यावरून भांडण झालं. कचेरीत पळापळ. पण प्रमाण किलोवर ओरखडा आला तर तो ओरखडाही प्रमाण, हे शास्त्र आहे. परिपत्रक निघालं: पंख्यावरचं भांडण ग्राह्य, माहेर, मीठ व घोरणे यांवरची भांडणं त्रुटी समजावीत. त्या आठवड्यात शहरातले पंखे संपले.

मग परीक्षा. प्रश्न सतरा, नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत. जोडीदाराच्या गोळ्या कोणत्या, किती वाजता? चपलेचा नंबर? अलीकडे कशावर हसला? भीती कशाची? तेच स्वतःबद्दलही लिहायचं, आणि दोघांचे कागद जुळायला हवेत. शिक्का मिळेपर्यंत पती किंवा पत्नी म्हणून केलेली सही कुठेच चालणार नाही. परीक्षा घेणाऱ्या निरीक्षकांना आम्ही काटासाहेब म्हणत असू. लाच आणि दया, दोन्हींनी न झुकणारा माणूस.

तपासलेली लग्नं १,३१२. निर्दोष ३. (एक चार दिवसांचं होतं, एकात नवरा कायम बोटीवर असे, आणि एकाला प्रश्न आधी फुटले होते.) माझ्या मुलाने सतराही उत्तरं बरोबर दिली, पण दुसऱ्या बायकोची. आम्हाला मिळाले चार. 'नवऱ्याला भीती कशाची' याला मी लिहिलं, पालीची. बायकोने लिहिलं, माझी.

"चार कसे पडले?" ती म्हणाली. "मला तर एकच येत होतं."

इस्पितळातली ऑपरेशनं थांबली. खिडकीसमोर मूतखडे आणि अपेंडिक्सं रांगेने बसली, आणि शेजारी बायका पाठांतर करत होत्या.

"सात नंबर ना हो?"

"आठ! वीस वर्षं तू सातच आणतेस. चपला चावून पायाची चाळण झाली."

बहीण आणि बाई त्याच बाकावर होत्या. "बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "वर्ग भरल्यासारखा वाटतो."

आता थोडं तांत्रिक. तराजू तपासायचा तर त्यावर माहीत असलेलं एक खोटं वजन मुद्दाम ठेवतात. तराजूने त्याला खोटं म्हटलं, की तराजू खरा. इतकी लग्नं खोटी निघाल्यावर परीक्षेवरच शंका येऊ लागली, तेव्हा काटासाहेबांनी कचेरीत विचारलं, "हमखास खोटं लग्न आहे का कुणाच्या ओळखीत?"

मी हात वर केला.

सतरापैकी सतरा. गोळ्यांच्या वेळा मिनिटांसकट जुळल्या. 'जोडीदाराला भीती कशाची' याला बाईंनी लिहिलं, 'मी आधी जाईन याची.' पलीकडच्या खोलीत बहिणीने स्वतःच्या भीतीपुढे लिहिलं होतं, 'ही आधी जाईल याची.' काटासाहेबांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद पुन्हा शेजारी धरले, आणि "काटा मध्यावर आहे," म्हणून शिक्का मारला. तीस दिवसांत हरकत आली नाही तर सही ग्राह्य. सर्जनने एकतिसावा दिवस राखून ठेवला.

हरकती आल्या ४१२. झाडून सगळ्या नापास झालेल्यांच्या. टपाल फोडून लावायचं काम माझ्याकडे होतं. बाईंनी पत्रं बघायला मागितली. त्यांना नाही म्हणायची मला कधीच सवय नव्हती.

"हा दुसऱ्या बाकावरचा," त्या एकेक पत्र लांब धरून म्हणाल्या. "ही खिडकीजवळ बसायची. बघ गं, ओळ कशी सरळ ठेवलीय."

"फाडून टाक ती!" बहीण म्हणाली.

"असू दे. माझी मेहनत आहे त्यात."

एकोणतिसाव्या दिवशी सरकारने निर्णय दिला. खोट्या वजनाला खरं म्हणणारा तराजू खोटाच असणार. सबब परीक्षा रद्द, सर्व हरकती मान्य, आणि १,३०९ लग्नं होती तशी चालू. लोक रस्त्यावर नाचले. मूतखडे एकामागोमाग आत गेले. प्रमाण जोडपं दोन वेगळ्या गाड्यांतून घरी पोचवलं. न्यायालयाचं वाक्य आणि शिक्का मात्र सरकारने ठेवून घेतले आहेत. किलोच्याच कपाटात, वरच्या फळीवर. पुढची तपासणी सरकारला वाटेल तेव्हा होईल.

ती ४१२ पत्रं माझ्याकडे आहेत. ज्याचं त्याने येऊन घेऊन जावं. तुमचंही आहे, अक्षरावरून ओळखलं. येताना घरच्या माणसाला गोळी किती वाजता लागते, तेवढं विचारून या.

ऑपरेशनच्या फॉर्मवरचा खण रिकामा राहिला. देह ताब्यात घेण्याच्या फॉर्मवर नात्याचा खणच नसतो. तिथे बहिणीची सही चालली. बाई एकतिसाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी गेल्या.