श्रीमंतांचा मूतखडा काढिला आणि उशाशी साळूबाई बसली, त्याची हकीकत

श्री. जो सर्वांच्या पोटातले जाणतो आणि कोणाजवळ बोलत नाही, त्यास साष्टांग दंडवत घालून, शके सोळाशे अठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सरी, कार्तिक मासी जे घडले ते लिहितो. लिहिणाराचे नाव कोणी पुसू नये. नाव कळले की कोणी ना कोणी मनात अढी धरितो, हा आमचा अनुभव.

ते समयी राज्यावर श्रीमंत होते. शूर खरे, उदार खरे, पण संशयी ऐसे की पाण्याचा तांब्या आला तर आधी तांब्याकडे पाहत, मग आणणाराकडे, आणि मग त्याच्या पाठीमागे कोण उभे आहे त्याकडे. त्यास कारणही होते. तीन वर्षांमागे श्रीमंतांचे धाकटे बंधू बाबासाहेब यांस मूतखडा जाहला, तो गोंदजी शस्त्रवैद्याने चिरून काढिला, आणि घाव सुरेख मिळत आला. पण शत्रू या संधीस विष घालील ऐसे दरबाराच्या मनाने घेतले, म्हणून चाळीस आसामी नंग्या तरवारीनिशी पलंगाभोवती उभे केले, आणि घास किती, श्वास किती, कोण आले, कोण गेले हे टिपावयास उशाशी आम्हास बसविले. गोंदजी रोज हात जोडून म्हणे, 'यांस चार पावले चालवा, ही गर्दी हटवा, पोर भ्याले आहे.' त्यास दिवाण त्र्यंबकपंत म्हणत, 'चालवून टाके उसवायचे आहेत काय?' आणि बाबासाहेबांस कूस म्हणून वळू दिली नाही. मग नवव्या दिवशी ते स्नानास म्हणून उठले, छातीस हात लाविला, 'दम' एवढेच बोलिले आणि तिथेच आटोपले. डावी पोटरी सुजून टम्म जाहली होती, ती चाळीसही जणांनी पाहिली, पण विचार कोणी केला? विष, विष म्हणून एकच ओरड जाहली आणि गोंदजीस त्याच सायंकाळी तोफेच्या तोंडी दिले. आम्हास तर स्वयंपाक्याचाही संशय होता, हुक्केबरदाराचाही होता, पण ते असो.

गोंदजीची बायको साळूबाई दर सोमवारी देवडीपुढे उभी राहून ओरडे, 'माझ्या धन्याने विष घातले नाही! ज्यांनी त्यास मारिले त्यांचे वाटोळे होवो!' चौकीदार हाकलून देत आणि पुढच्या सोमवारी बाई पुन्हा हजर.

मग त्या कार्तिकात खुद्द श्रीमंतांस मूतखड्याची कळ उठली. लघवी अडे, अंग आकसे, आणि सिंहासारखा पुरुष बिछान्यावर मासळीसारखा तडफडे. तेव्हां दूर देशाहून मीरान जर्राह यास बोलाविले. चिरफाड करणारास तिकडे जर्राह म्हणतात. त्याने पोट दाबून पाहिले, बाबासाहेबांची हकीकत पुसून घेतली आणि म्हणाला, 'सरकार, खडा काढतो, ते काम घटकेचे. कठीण आहे ते पुढचे नऊ दिवस. आपले धाकटे बंधू विषाने गेले नाहीत, भयाने गेले.' हे ऐकताच त्र्यंबकपंत उसळून बोलिले, 'भयाने? राजाचा भाऊ भयाने मरतो काय? काय तोंडाला येईल ते बोलतोस!' मीरान शांतपणे म्हणाला, 'माझा बाप खाटीक होता, मी हजारो बकरी उघडून पाहिली आहेत. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक गाठ असते, ती माणसासही असते. जनावर भ्याले की त्या गाठी रस सोडतात, आणि तो रस रक्तास सांगतो की घाव होणार, गोठून राहा. रक्त घावाच्या तोंडाशी गोठले तर जीव वाचतो. पण भय सरलेच नाही आणि माणूस निजूनच राहिला, तर रक्त नको तिथे गोठते, पोटरीच्या शिरेत गुठळी बसते, आणि एके दिवशी ती सुटून छातीत जाते. मग दम लागतो आणि खेळ खलास.'

यावर कोणाचा विश्वास बसावा? आमचा तर मुळीच नाही. मग त्याने चौकात दोन बकरी आणविली. एकापुढे शिकारी कुत्री भुंकविली, दुसऱ्यास धनगराने मांडीशी घेऊन पाला चारिला, आणि दोन्ही कापून रक्त दोन वाडग्यांत धरिले. भ्यालेल्याचे रक्त पान लावून होईतो थिजले, आणि निवांत होते त्याचे, विडा चघळून थुंकला तरी पातळच. त्र्यंबकपंत म्हणाले, 'वाडग्यास काही चोळिले असेल.' वाडगे बदलिले. 'सुरीस लाविले असेल.' सुरी बदलिली. 'धनगर फितूर असेल.' धनगर बदलिला. ऐसी सात जोड्या बकरी कापिली, आणि वाड्यात चार दिवस सकाळ-संध्याकाळ मटणच शिजले, आणि दर खेपेस तोच प्रकार जाहला. मग श्रीमंत कण्हत बोलिले, 'पुरे करा पंत, नाहीतर मी मरेन आणि राज्यात बकरी उरणार नाहीत.'

मीरान म्हणाला, 'माझी अट एकच. पलंगापाशी पहारा नको, तरवार नको, लेखणी नको. ज्याच्याविषयी आपल्या मनात तिळाएवढा संशय नाही ऐसे एकच माणूस उशाशी बसवावे.'

सोपी अट! पण श्रीमंत विचार करू लागले आणि सारा दरबार माना खाली घालून उभा राहिला. त्र्यंबकपंत पुढे जाहले, त्यांस श्रीमंत म्हणाले, 'आमच्या मागे गादीवर कोण, हे तुम्ही ठरवून ठेविले आहे, आम्हास कळते.' पंतांचा चेहरा पडला. राणीसाहेबांचे नाव निघाले, त्यावर म्हणाले, 'त्यांचे भाऊ दोनशे स्वार घेऊन वेशीबाहेर कशास उतरले आहेत?' मग आम्ही भीतभीत म्हटले, 'सेवक आहे.' श्रीमंतांनी नुसते पाहिले. इतक्यात, सोमवार होता, देवडीवरून साळूबाईचा आवाज आला. श्रीमंतांनी कान दिला, आणि मग कळ विसरून उठून बसले आणि म्हणाले, 'तिला आणा. साऱ्या राज्यात एकीच्याच पोटातले आम्हास पक्के ठाऊक आहे.'

बाई आली. डोईवर पदर, डोळे कोरडे. श्रीमंत म्हणाले, 'बाई, आमच्या उशाशी बसाल?' साळूबाई म्हणाली, 'बसेन. पण आधीच सांगते, तुम्ही मेलात तर माझ्या डोळ्यांत पाणी यायचे नाही.' श्रीमंत म्हणाले, 'तेच हवे.' आम्ही म्हणतो, याला काय म्हणावे! जिचा नवरा मारिला तिच्याच हाती मान द्यायची! आम्ही त्या दिवशीच मनाशी म्हटले की हे राज्य बुडाले.

मग शुक्रवारी सकाळी अफूचा घोट देऊन मीरानने पाते लाविले. श्रीमंतांनी ओठ चावून विचारिले, 'बाई, आम्ही मरतो काय?' ती म्हणाली, 'अजून तरी नाही. ओरडता फार चांगले.' आणि श्रीमंत हसले! पात्याखाली हसणारा मनुष्य आम्ही दुसरा पाहिला नाही. सुपारीएवढा खडा निघाला, रक्त आले, घावाशी थिजले आणि राहिले. आम्ही हे सारे दाराच्या फटीतून पाहिले. हुकूम नव्हता, पण संवय.

तिसऱ्या दिवशी साळूबाई म्हणाली, 'उठा. चालायचे आहे.' तेव्हां त्र्यंबकपंत धावत आत शिरले आणि म्हणाले, 'सरकार, बाबासाहेब उठले आणि गेले! ही सूड उगवते आहे, माझे ऐका!' श्रीमंतांचा चेहरा पालटला. तो जुना संशय डोळ्यांत आला, आणि कपाळास घाम फुटला, आणि मीरानने मनगट धरिले तो नाडी घोड्यासारखी दौडत होती. श्रीमंत बाईकडे पाहून म्हणाले, 'खरे सांगा. आम्हास मारावयाचे आहे?' साळूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'मारायचे असते तर श्रम कशास केले असते? निजूनच ठेविले असते, जैसे यांनी तुमच्या भावास ठेविले. मला तुमचा राग आहे तो आहेच. आता उठता की हाताला धरून ओढू?' मग श्रीमंतांनी पंतांस बाहेर जाण्यास सांगितले, आणि बाईच्या खांद्यावर हात टाकिला, आणि उभे राहिले, आणि चार पावले चालले. दुसरे दिवशी दहा चालले, त्याचे दुसरे दिवशी चौकापर्यंत. बाई मागून बोलतच होती, 'पाय उचला. फरफटू नका. राजे ना तुम्ही?' आम्ही रोज पोटरीकडे डोळे लावून बसलो. सुजली नाही. नववा दिवस उगवला, श्रीमंतांनी स्नान केले, पोटभर जेविले, आणि दिवस सुखरूप मावळला.

मग दरबार भरला. मीरानास पालखी दिली, आणि साळूबाईस म्हणाले, 'मागा. गाव मागा.' ती म्हणाली, 'गाव नको.' श्रीमंत म्हणाले, 'मग आम्हास वाचविले कशास? तुम्हास तर आमचा राग.' साळूबाई प्रथमच गहिवरली, आणि म्हणाली, 'तुम्ही मेला असतात तर हे सारे काय म्हणाले असते? जर्राहाने विष घातले. म्हणजे तेव्हांचेही खरेच. माझा धनी जन्मभर विषारी ठरला असता. तुम्हास जगवावेच लागले. तुमच्यासाठी नाही जगविले.'

श्रीमंत हळूच म्हणाले, 'मग आमच्या बाबास कोणी मारिले?' बाईने पंतांकडे पाहिले, पहारेकऱ्यांकडे पाहिले, आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाली, 'नऊ दिवस उशाशी कोण होते, त्यांस विचारा.'

श्रीमंत आम्हास म्हणाले, 'लिही.' आम्ही लिहिले. साळूबाई म्हणाली, 'मला वाचता येत नाही आणि याचा भरवसा नाही. मोठ्याने वाचायला सांगा.' मग भर दरबारात आम्ही उभे राहून वाचिले: 'गोंदजी वैद्याने विष घातले नाही. विष कोणीच घातले नाही. बाबासाहेब भयाने गेले, आणि पहारा सरकारचा होता.' शेवटचे वाक्य आम्ही दोनदा गिळले, तेव्हां बाईने तिसऱ्यांदा वाचावयास लाविले.

येणेप्रमाणे व्ययनाम संवत्सरी श्रीमंत वाचले आणि गोंदजी वैद्य निर्दोष ठरला. तो काही परत आला नाही. जैसे घडले तैसे लिहिले आहे, आणि ज्यास संशय असेल त्याने खुशाल घ्यावा.