हाल उतू गेले

रोज सकाळी साडेसातला भागीरथीबाई गॅसवर पातेलं ठेवत, आच मध्यम करत आणि रांगोळीचा डबा घेऊन दाराकडे जाता जाता सांगत, "अहो, हाल बघा."

हाल म्हणजे दूध. कन्नडमध्ये दुधाला हालु म्हणतात. म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या या घराण्याचे पूर्वज इथल्या सैन्यात आले ते इथलेच झाले, आणि त्यांची मराठी पिढ्यानपिढ्या कन्नड शेजारात नांदून दुधाला हाल आणि घराला मने म्हणायला लागली. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वावगं होतं ते पुढचं. गणपतराव "हां हां" म्हणत, शेगडीपासून चार पावलांवरच्या खुर्चीत रेडिओ ऐकत बसत, आणि दूध उतू जाई. ते रेल्वेतून रिटायर झाल्याला चौदा वर्षं झाली होती आणि या कार्यक्रमात एक दिवस खाडा पडलेला नव्हता.

वास दारापर्यंत पोचला की भागीरथीबाई तिथूनच सुरू होत. पहिली दोनचार वर्षं ती नुसती ओरड होती. पण रोज तेच ओरडायचं म्हटल्यावर ओरडीलाही आपोआप चाल लागली आणि चालीमागून शब्द जुळत गेले:

हाल उतू गेले, बाई, हाल उतू गेले
हाका मारून मेले, याचे कान कुठे गेले?
गावभरचं ऐकतो हा, मनेचं ऐकेना
सांगून सांगून थकले मी, जागचा हालेना

बाईंचा आवाज चढला की गणपतरावांचा हात रेडिओच्या बटणाकडे जाई. "बघ, माझं ऐकायला नको म्हणून मोठा करतात," असं नातीला सांगत भागीरथीबाई ओटा पुसायला घेत.

नात यशस्विनी म्हैसूरमधल्याच हेब्बाळच्या एका कंपनीत होती. आईवडील बेंगळुरूला, म्हणून ही आजीआजोबांकडे, तिच्या अज्जी-ताताकडे, राहायची. ऑफिसातल्या भुवनबरोबर ती गाणी बसवायची. भुवन गिटार वाजवायचा, ही गायची, आणि दोघांच्या बँडचं नाव होतं 'मंद आच'. तिला अज्जीची ही चार ओळींची कटकट फार आवडली.

"अज्जी, मी हे गाऊ? रेकॉर्ड करून?"

"गा की. पण ताताला कळता कामा नये, त्यांच्यावर आहे म्हणून. अष्टे, दुसरं काही नाही."

या अटीला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी भागीरथीबाई फोनवर नणंदेला म्हणाल्या होत्या, "हे जेवलेलं ताटसुद्धा उचलत नाहीत." गणपतरावांच्या ते कानावर गेलं. ते भांडले नाहीत, फक्त अकरा दिवस घरी जेवले नाहीत. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन डोसा खाऊन येत. लोकांना त्याचं हसू यायचं. पण ते अकरा दिवस भागीरथीबाई दोघांचा स्वयंपाक करून एकट्या जेवल्या होत्या. आता सत्तरी उलटल्यावर तो प्रकार पुन्हा नको होता.

म्हैसूरमधल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर दर रविवारी सकाळी 'रविवारची न्याहारी' नावाचा मराठी तास असे. अनुराग नावाचा नाशिकचा मुलगा नोकरी सांभाळून हौसेनं तो चालवायचा. श्रोते किती होते देव जाणे, फोन करणारा मात्र एकच होता. गणपतराव प्रत्येक गाण्याला दहापैकी मार्क देत, ते वहीत लिहीत आणि मग अनुरागला फोन करून कळवत. यशस्विनीला हे सगळं माहीत होतं. पण भुवनला मराठी येत नव्हती आणि घरातल्या भानगडी तर मुळीच माहीत नव्हत्या. त्यानं उत्साहानं गाणं नेमकं तिथंच पाठवलं.

"आता ऐकू या 'मंद आच' या बँडचं गाणं," अनुराग एका रविवारी म्हणाला, "याला इंडी फोक म्हणतात."

"इंडी?" गणपतराव म्हणाले. "विजापूरकडच्या इंडीची काय ही मुलं? लिंबं चांगली असतात तिथली."

स्वयंपाकघराच्या दारात यशस्विनी जागच्या जागी थिजली. स्वतःचा आवाज रेडिओतून येत होता, अज्जीचे शब्द त्यात होते, आणि ज्याच्यावर ते होते तो माणूस पेन्सिल कानावर ठेवून, डोळे मिटून ऐकत होता. ऐन वेळी दूध उतू गेलं आणि दारात भागीरथीबाईंनी पदर तोंडावर दाबून धरला. गाणं संपलं. गणपतरावांनी डोळे उघडले.

"सहा मार्क," ते म्हणाले. "गाणारीला सर्दी झालीय. आणि चाल उचललेली आहे. ही चाल मी ऐकलीय कुठंतरी, आणि याच्यापेक्षा पुष्कळ बरी ऐकलीय. मूळची गाणारी वेगळी असणार."

यशस्विनीला सुटल्यासारखं वाटलं. सर्दीचं मात्र तिला दोन दिवस लागून राहिलं.

"कळलं नाही गं त्यांना," अज्जी ओटा पुसता पुसता हळूच म्हणाल्या.

"बरंच झालं ना, अज्जी."

"बरं झालं," अज्जी म्हणाल्या, आणि पातेलं जरा जोरातच आपटलं.

इथवर सगळं निभावलं होतं. पण तेवढ्यात रेडिओवर फोन घणघणला. गोकुलममध्ये मुलाकडे राहायला आलेल्या, पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या मराठीच्या प्राध्यापिका जयवंतीताई बोलत होत्या.

"काय सुंदर रूपक आहे हो. हाल उतू जाणं, दुःख ओसंडून जाणं. आणि पुढे 'गावभरचं ऐकतो हा, मनीचं ऐकेना'. जगाचा गोंगाट ऐकणाऱ्याला स्वतःच्या मनाचा आवाज ऐकू येत नाही. हे अध्यात्माचं गाणं आहे."

त्यांचा फोन ठेवून होतो न होतो तोच म्हैसूरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी मालोजीरावांचा आला. "मनीचं नाही हो, मनेचं. मने म्हंजे घर. हे वास्तुशांतीचं गाणं आहे. नव्या मनेत हाल उतू घालवतात, शुभ असते. माझी अज्जी गायची हे. शंभर वर्षं जुनं असणार."

मग मेसेज सुरू झाले. कुणी म्हणालं, हे मराठीच नाही, बंद करा. कुणी म्हणालं, पुन्हा लावा. एच. डी. कोट्याच्या बसमधून एकानं विचारलं की 'हालेना' म्हणजे दूध मिळेना असं आहे का. दीड वर्षात गणपतरावांखेरीज कुणाचा आवाज न ऐकलेल्या अनुरागला अक्षरशः गहिवरून आलं. त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं की पुढच्या रविवारी या गाण्यावर थेट चर्चा होईल. जयवंतीताई, मालोजीराव, आणि आपले सर्वांत जुने श्रोते गणपतराव.

"अय्यो," भागीरथीबाई म्हणाल्या, आणि रांगोळीचा डबा घेऊन खालीच बसल्या.

चर्चा म्हटल्यावर गणपतरावांनी अभ्यास मनावर घेतला. "हे गाणं माझ्या मोबाइलात घालून दे गं," त्यांनी यशस्विनीला सांगितलं, आणि तिला ते घालून द्यावं लागलं. सोमवारपासून घरात दिवसभर तेच. भागीरथीबाई मात्र त्या आठवड्यात दूध उतू गेलं तरी तोंड मिटून ओटा पुसत होत्या. गणपतराव ऐकत, वहीत लिहीत, पुन्हा ऐकत. बुधवारी त्यांनी बायकोला हाक मारली.

"काय गं, ही बाई हाका मारून मारून थकली आणि नवरा बसल्या जागचा उठत नाही. असा नवरा असतो काय गं?"

भागीरथीबाईंनी हातातल्या शेंगा सोलणं थांबवलं नाही. "असतो कुठं कुठं."

"दगडच म्हणायचा."

"नको हो. मनानं बरा असेल."

"मनानं बरा असून काय उपयोग? त्याला कुणीतरी चांगला दम द्यायला पाहिजे."

शनिवारपर्यंत गणपतराव त्या नवऱ्यावर इतके चिडले होते, की यशस्विनीनं कोपऱ्यावरच्या हॉटेलाला रविवारी सुट्टी असते का याची चौकशी करून ठेवली. सुट्टी नव्हती.

रविवारी सव्वासातला अनुरागचा फोन आला. "काका, तुम्ही लाइनवर असताना घरातला रेडिओ बंद ठेवा. नाहीतर आवाज घुमतो." गणपतरावांनी रेडिओ बंद केला. त्या वेळेला त्या घरात रेडिओ बंद असण्याची चौदा वर्षांतली ती पहिलीच खेप. यशस्विनी आतल्या खोलीत इअरफोनवर तोच कार्यक्रम ऐकत बसली, म्हणजे ताता घसरायला लागले तर धावत जाता येईल. भागीरथीबाईंनी सवयीनं पातेलं ठेवलं, सवयीनं "हाल बघा" म्हणाल्या आणि दाराकडे गेल्या.

"मॅडम, नमस्कार," गणपतराव फोनवर म्हणाले. "हाल म्हंजे दूध. साधं गाणं आहे. बाई हाका मारती, दूध उतू जाते, हा उठत नाही. सुम्मने, उगाच अध्यात्मापर्यंत कशाला जायचं?"

"दूध असतं तर 'उतू गेलं' असतं हो," जयवंतीताई शांतपणे म्हणाल्या. "इथे 'गेले' आहे. अनेकवचन. म्हणजे हालअपेष्टाच."

"आमची मराठी जुनी आहे, मॅडम. आम्ही दूध गेले, पातेले करपले, असंच म्हणतो."

"म्हणतो, म्हणतो," मालोजीराव मध्येच म्हणाले. "पण वास्तुशांतीत म्हणतो."

"वास्तुशांतीत नवऱ्याला दगड कोण म्हणेल हो? अनुराग, मी काय म्हणतो, हा कोण नवरा आहे त्याला शोधून काढ. रेडिओवर बोलव. साऱ्या गावासमोर विचारू त्याला, बाबा रे, तुझे कान..."

घरात तिघं होती आणि तिघांचंही लक्ष भलतीकडे होतं. पातेल्यानं आपलं रोजचं काम केलं. वास दारापर्यंत गेला आणि भागीरथीबाईंच्या तोंडून, काही ध्यानात यायच्या आत, चौदा वर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं:

"हाल उतू गेले, बाई, हाल उतू गेले..."

रेडिओ बंद होता. आवाज चार भिंतींना लागून स्वच्छ फोनमध्ये गेला, फोनमधून केंद्रावर गेला आणि केंद्रावरून साऱ्या म्हैसूरभर. यशस्विनी धावत बाहेर आली, तोवर चारही ओळी झाल्या होत्या.

"हे कोण गातंय?" जयवंतीताईंचा आवाज आला.

"हीच चाल," मालोजीराव म्हणाले. "हीच माझी अज्जी गायची."

गणपतरावांनी आधी दाराकडे पाहिलं, मग शेगडीकडे, मग आपण बसलो होतो त्या खुर्चीकडे. मग उठले, गॅस बंद केला आणि पुन्हा फोन उचलला.

"ती आमची मंडळी आहे," ते म्हणाले. "मूळची गाणारी. आणि तो नवरा शोधायला नको आता. सापडला."

जयवंतीताईंनी लगेच धागा उचलला. "बाईंना फोन द्या ना. त्यांनाच विचारू, हाल म्हणजे नेमकं काय."

भागीरथीबाईंनी रांगोळीचा हात पदराला पुसून फोन घेतला. झाकायचं आता काही उरलं नव्हतं. "हाल म्हंजे हाल हो. पाऊण लिटर. त्यातलं अर्धं ओट्यावर आहे."

"आणि ओटा रोज पुसतं कोण?"

"मीच की."

"मग माझाही अर्थ फार चुकला नाही," जयवंतीताई म्हणाल्या, आणि तेवढ्यावर चर्चा संपली.

फोन ठेवल्यावर गणपतराव खुंटीकडे गेले. तिथं त्यांची पिशवी असे, हॉटेलात जातानाची. भागीरथीबाईंचा चेहरा उतरला. "अहो," त्या म्हणाल्या, "मनात काही ठेवून नव्हतं म्हटलं मी. तोंडाला सवय लागली, बस."

गणपतरावांनी खुंटीवरचं फडकं काढलं आणि ओटा पुसायला लागले. वाईट पुसत होते. दूध होतं त्याहून जास्त पसरलं.

"चौदा वर्षं मला हाका मारत होतीस?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"मग काय?"

"मला वाटायचं, गातीस."

भागीरथीबाई ओट्याजवळ आल्या.

"खरंच सांगतो. तू सुरू केलंस की मी रेडिओ बारीक करायचो. शब्दांकडं कोण बघतं गं, मी चाल ऐकायचो. गाण्याच्या मधनं उठून जायचं कसं, सांग बघू."

"बारीक?" भागीरथीबाई म्हणाल्या. "मोठा नव्हता करत?"

"मोठा करून तुझं ऐकू आलं असतं काय?"

भागीरथीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून त्यांनी नवऱ्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि पुसायचं कसं ते दाखवायला लागल्या. यशस्विनीनं हळूच टेबलावरची वही उघडून पाहिली. चर्चेआधीच्या पानावर 'मंद आच: सहा' असं होतं. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तेव्हा त्याखाली ओळ वाढली होती, 'मूळची गाणारी: दहा'. यशस्विनीचे सहाचे सहाच राहिले होते.

सोमवारी साडेसातला गणपतराव रेडिओ न लावता शेगडीपाशी उभे राहिले. दूध वर आलं आणि त्यांनी वेळेवर गॅस बंद केला. दारात भागीरथीबाई रांगोळी घालत होत्या, वासाची वाट बघितल्यासारख्या मध्येच थांबत होत्या. रांगोळी संपली, त्या आत आल्या, दोघांनी कॉफी घेतली. कॉफी चांगली झाली होती. घर फार गप्प होतं.

मंगळवारी दूध उतू गेलं. वास आला तशी यशस्विनी ब्रश तोंडात घेऊनच धावत आली. ताता शेगडीपाशीच उभे होते, खांद्यावर फडकं होतं आणि हात गॅसच्या बटणावर होता.

"ताता, बंद करा ना," ती म्हणाली.

"थांब गं," गणपतराव दाराकडे कान लावून म्हणाले. "आता सुरू होईल."